एकशे एकोणीस वाटा

हिंदुराव येळवंड्यांनी लोखंडी कपाटाचं दार उघडलं, आतल्या निळ्या वायरींच्या जुडग्यात हात घातला आणि त्यातली एक नेमकी दोन बोटांत धरून पुढे ओढली.

"ही बघा. ही भट्टीकडनं येती आन् जाती पार तिकडं, कॅमेऱ्याकडं. हाय का तुमच्या कागदावर?"

विजयश्रीने हातातला टॅब्लेट वरखाली केला. नव्हती.

"भट्टीचं कॅमेऱ्याकडे काय काम?"

"नग गरम आसला तर फोटू धुरकट येतो. मंग चांगल्या नगालाबी कॅमेरा तांबडा दिवा दावतो. म्हणून आदी भट्टीला इचारतो, बाई, किती गार झालाय? तिनं हो म्हटलं की मंग फोटू." त्यांनी वायर पुन्हा जागच्या जागी सारली. "ह्ये दोन साल झाली, आसंच चालतंय."

विजयश्रीने लिहून घेतलं. कोण, कुणाशी, कशासाठी. ही त्या दिवसातली सहावी वाट होती, आणि सहापैकी चार आराखड्यात नव्हत्या.

चाकणजवळ, निघोजेच्या हद्दीतल्या त्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनत. विजयश्री तिथल्या संगणक विभागात होती, वय एकतीस, मूळची परभणीकडची. वडील लेथवर काम करायला भोसरीला आले, ते तिथलेच झाले. हिंदुराव मेंटेनन्सचे. कारखाना ज्या जमिनीवर उभा होता तिच्या कडेला त्यांच्या भावकीची शेती होती. पहिला खांब रोवला गेला तेव्हापासून ते इथे कामाला. प्लांटचे प्रमुख देवस्थळी यांनी त्यांना विजयश्रीबरोबर दिलं होतं ते मदतीला नव्हे. "ही मुलगी काय करते त्यावर नजर ठेवा," असं त्यांनी सांगितलं होतं, आणि हिंदुरावांनी पहिल्याच दिवशी ते तिला जसंच्या तसं सांगून टाकलं होतं.

"एक इचारू का ताई?" कपाट लावता लावता ते म्हणाले. "तुमी त्ये कंटेनर कंटेनर म्हणता, त्ये हायेत कुटं? मला तर रोज तळेगाव चौकात अडकल्यालेच दिसत्यात."

विजयश्रीला हसू आलं. मग तिने त्यांना सरळ कॅन्टीनमागच्या गार खोलीत नेलं. तिथे आठ संगणक घूं घूं करत होते. कारखान्याचे सगळे प्रोग्रॅम या आठ यंत्रांत राहतात, तिने सांगितलं, प्रत्येक आपापल्या बंद कप्प्यात. त्या कप्प्याला कंटेनर म्हणायचं. एक भट्टी सांभाळतो, एक बोल्ट किती आवळले ते मोजतो, एक लेबलं छापतो. सगळ्यांच्या वर एक कारभारी आहे. कुठला कप्पा कुठल्या यंत्रावर ठेवायचा ते तो ठरवतो, एखादा पडला तर लगेच दुसरा उभा करतो.

"मंग अडचण काय हाय?"

"अडचण ही की आत सगळ्यांना सगळीकडे जायची मुभा आहे. कॅन्टीनच्या कुपनांचा प्रोग्रॅम थेट भट्टीशी बोलू शकतो."

"कुपनवाला भट्टीशी कशाला बोलंल?"

"तो नाही बोलत. पण उद्या बाहेरून कुणी वाईट बुद्धीचा त्या कुपनवाल्यात शिरला, तर तो बोलेल."

हिंदुरावांनी त्या आठ यंत्रांच्या हिरव्या दिव्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे आदी सगळ्या वाटा बंद करायच्या आन् लागत्यात तेवढ्याच उघडायच्या."

"तेच करायचंय."

"मागल्या साली केलं हुतं त्येच ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी विजयश्रीने उत्तर द्यायच्या आधी दार ओढून घेतलं, कुलूप दोनदा तपासलं.

मागच्या ऑगस्टमध्ये तिने तेच केलं होतं. आराखडे तयार करणाऱ्यांकडून आराखडे घेतले, ते पाठ केले, त्यांतून नियम लिहिले आणि एका दुपारी लागू केले. दोन मिनिटांत ब्रेक बनवणारी अख्खी लाइन मेली. या प्रोग्रॅमांना एकमेकांचे पत्ते पाठ नसतात. बोलायच्या आधी ते एका ठिकाणी जाऊन विचारतात, अमका कुठे बसतो? बाकीच्या वाटांबरोबर तिने पत्ता विचारायची ती वाटच बंद करून टाकली होती. नियम मागे घ्यायला दोन मिनिटं लागली. थंड पडलेली लाइन एकेक यंत्र करत उठवायला पंचेचाळीस. भट्टीतले बाराशे नग भंगारात गेले. ऐंशी माणसांसमोर देवस्थळी म्हणाले होते, "उद्यापासून कॉम्प्युटरवाल्यांनी पिवळ्या रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही." ते ओरडलेदेखील नव्हते.

त्यानंतरच्या महिन्यात तळवड्याच्या एका आयटी कंपनीने तिला बोलावलं होतं. काम सोपं होतं, बसही दारातून सुटणारी. घरचे सगळे जा म्हणत होते. ती गेली नाही. काय करायला हवं हे आपल्याला बरोबर कळलं होतं आणि कसं करायचं तेवढं चुकलं, असं तिला वाटत होतं. आणि ते अर्धवट टाकून गेलो तर कुठेही गेलो तरी ते सोबत येईल, असंही. आठ महिने ती गप्प बसली. मग देवस्थळींकडे जाऊन म्हणाली, "सर, मी काहीही बदलणार नाही. तीन आठवडे फक्त ऐकणार आहे. कोण कुणाशी बोलतं ते."

देवस्थळींनी बराच वेळ पेन उघडलं-मिटलं. शेवटी तीन आठवडे दिले, आणि सोबत हिंदुराव.

ऐकणारा प्रोग्रॅम तिने बसवला होताच. तो प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायचा. पण अमका तमक्याशी बोलला एवढंच त्याला कळे. का बोलला ते कळत नसे. ते लाइनवरच्या माणसांना ठाऊक होतं. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं इतकंच. हिंदुराव तिला यंत्रापासून यंत्रापर्यंत घेऊन फिरले, वेल्डिंगवाल्या गणराजकडे, भट्टीवरच्या बबनरावांकडे. पहिल्या आठवड्यात माणसं तिला बघून गप्प व्हायची. दुसऱ्या आठवड्यात स्वतः हाक मारायला लागली. "मॅडम, ते आमचं पण लिहून घ्या. शनिवारी साफसफाईच्या आधी एक आकडा जातो इथून."

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस यादीत एकशे अठरा वाटा झाल्या. एकशे एकोणिसावीचा पत्ता लागेना.

रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक कप्पा जागा व्हायचा, बोल्ट आवळण्याच्या नोंदींकडून काहीतरी घ्यायचा आणि पुन्हा झोपायचा. त्याला धड नावही नव्हतं. कुणीतरी 'तात्पुरती चाचणी दोन' असं लिहून ठेवलं होतं. संगणक विभागात तो कुणाचाच नव्हता. बाणेरच्या मुख्य कार्यालयात सुरक्षेचं काम अजिंक्य पाटसकर बघायचे. त्यांचा नियम साधा होता: ज्याचा मालक नाही, ते बंद. तिने फोन केला तेव्हाही ते तेच म्हणाले. "बंद करून टाका. गरज असेल तर कुणीतरी ओरडेल."

बंद करणं सोपं होतं. एक ओळ लिहायची नाही, की झालं.

"अकरा धा," हिंदुराव म्हणाले. "अकराला च्या आसतो. च्या झाला की धा मिन्टानी कोण काय करतं?" ते स्वतःशीच बोटं मोजायला लागले. "चला ताई, उद्या च्या सोडून बसू."

दुसऱ्या दिवशी अकराला सगळी माणसं कॅन्टीनकडे गेली. हे दोघं लाइनच्या शेवटी उभे राहिले. अकरा वाजून आठ मिनिटांनी कुसुमताई माळवदे पदराने हात पुसत परत आल्या. लाइनवरून सुटणारा प्रत्येक ब्रेक त्यांच्या टेबलावरून जायचा. बारा वर्षं त्या तिथे तपासणीला होत्या. त्यांनी खणातून जुना, कोपरा तडकलेला टॅब्लेट काढला आणि एकदा बोट टेकवलं.

विजयश्रीच्या हातातल्या यादीत एकशे एकोणिसावी ओळ लुकलुकली.

"कुसुमताई, हे काय आहे?"

"हे होय? हे प्रीतमसाहेबांनी दिलं होतं करून." प्रीतम नावाचा इंजिनिअर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. "एकदा आपला माल परत आला होता बघा, बोल्ट ढिले म्हणून. मला रात्र रात्र झोप नव्हती. माझ्याच हाताखालून गेलेला माल. डोळ्याला तर सगळं नीट दिसत होतं. मग मी त्यांच्या मागेच लागले. चहानंतर मी हे दाबते, सकाळपासूनच्या बोल्टांचे आकडे येतात. कुठल्या पेटीत शंका असली की लाल दिवा लागतो. ती पेटी मी बाजूला काढते."

"महिन्यातून किती वेळा लागतो लाल?"

"दोनदा. कधी तीनदा."

"आणि आकडे आलेच नाहीत तर?"

"असं झालं होतं एकदा, लाइट गेली तेव्हा. हिरवाच राहिला की तो."

ती वाट बंद झाली असती, तर कुणीही ओरडलं नसतं. लाइन चालू राहिली असती, दिवा हिरवा राहिला असता आणि महिन्याला दोन-तीन पेट्या ढिले ब्रेक रस्त्यावर गेले असते. विजयश्रीने हातातल्या टॅब्लेटवर ती ओळ पूर्ण केली. मग तो खाली ठेवला आणि कुसुमताईंच्या टेबलाशेजारच्या रिकाम्या पेटीवर बसली.

"ताई, च्या घ्या आता," हिंदुराव म्हणाले. "तोंड उतरलंय तुमचं."

त्याच आठवड्यात त्या प्रोग्रॅमला नाव मिळालं, मालक मिळाला, आणि आकडे आले नाहीत तर दिवा लाल लागेल अशी दुरुस्तीही.

*

देवस्थळींनी वीस मिनिटं दिली. दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटायची, तीन-वीसला दुसरी शिफ्ट यंत्रं सुरू करायची. "मध्ये काय करायचं ते करा. एकविसाव्या मिनिटाला मला लाइन पळताना दिसली पाहिजे." ते स्वतः पिवळ्या रेघेवर हाताची घडी घालून उभे राहिले.

विजयश्रीने या वेळी नियम सात भागांत पाडले होते. सर्वांत आधी पत्ता विचारायची वाट सगळ्यांना उघडली. मग भट्टी. मग कॅमेरे. प्रत्येक भागानंतर ती हात वर करायची. लाइनच्या दुसऱ्या टोकाला हिंदुराव त्या भागाचं यंत्र एकदा चालवून बघायचे आणि स्वतःचा हात वर करायचे. चार भाग झाले, चारदा हात वर झाला.

पाचव्याला हिंदुरावांचा हात वर आला नाही.

"ताई! लेबल न्हाई येत!"

तीन वाजून बारा मिनिटं. देवस्थळींनी हाताची घडी सोडली. सगळं मागे घेणारं बटण विजयश्रीच्या उजव्या हाताशी होतं, आणि मागच्या वेळी तिने तेच घाईघाईने दाबलं होतं. तिने तो हात मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताने नोंदी उघडल्या. लेबलांचा प्रोग्रॅम एका दारावर पुन्हा पुन्हा जात होता आणि परत येत होता. ते दार यादीत नव्हतं.

"काका, लेबलाचा प्रिंटर कुणी हलवला का?"

"सोमवारी! सोमवारी हलिवला, खांबाच्या पल्याड! तिथं पाणी गळत हुतं!"

प्रिंटर हलला, तशी त्याची जागा बदलली, पत्ता बदलला. तिने एक ओळ दुरुस्त केली, मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली आणि लागू केली. प्रिंटर खरखरला. हिंदुरावांनी लेबल फाडून डोक्यावर धरलं, पार या टोकापर्यंत दिसावं म्हणून.

तीन वाजून एकोणीस मिनिटांनी सातवा भाग झाला. तीन-वीसला भोंगा वाजला आणि लाइन सुरू झाली. पहिला नग भट्टीतून निघाला, गार झाला, कॅमेऱ्यासमोर थांबला, पुढे सरकला. देवस्थळी त्या नगाबरोबर चालत चालत शेवटच्या टेबलापर्यंत गेले. तिथून वळून त्यांनी एवढंच विचारलं, "झालं?"

"झालं सर."

"कुणाला काही कळलं नाही."

"नाही सर."

ते मान हलवून निघून गेले. हिंदुरावांनी ते लेबल घडी करून खिशात घातलं.

*

त्याला सहा आठवडे झाले. मंगळवार होता. सकाळी अकरा चाळीसला विजयश्रीचा फोन थरथरला, आणि मग थरथरायचा थांबेचना.

ती जागेवर येईपर्यंत पडदा लाल ओळींनी भरून वाहत होता. पंखे आणि बेअरिंग यांच्या थरथरीवरून ती कधी निकामी होतील हे आधी सांगणारा एक प्रोग्रॅम होता, बाहेरच्या एका पुरवठादाराचा. सकाळी साडेअकराला त्याची नवी आवृत्ती आपोआप आली होती. आणि तिच्याबरोबर आत दुसरंच काहीतरी आलं होतं. तो प्रोग्रॅम आता थरथर मोजत नव्हता. तो दारं ठोठावत होता. भट्टी. नाही. बोल्ट. नाही. कॅमेरा, लेबलं, हजेरी, कॅन्टीन. नाही, नाही, नाही. सेकंदाला दहा-बारा वेळा, कप्प्यामागून कप्पा, आणि प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर.

विजयश्री तो पडदा बघत उभी राहिली. बसायचं तिच्या लक्षातच आलं नाही. आठ महिन्यांचं गप्प बसणं आणि तीन आठवड्यांची पायपीट यांनी जे बांधलं होतं, ते तिच्या डोळ्यांदेखत भार पेलत होतं.

मग ती कामाला लागली. त्या प्रोग्रॅमला एकच वाट दिलेली होती, थरथरीचे आकडे घ्यायची. ती तिने बंद केली. पुरावा म्हणून कप्प्याची नक्कल काढून ठेवली आणि त्याला जागच्या जागी गोठवलं. ठोठावणं थांबलं. मोजणी चार हजार एकशे बारावर थांबली होती.

देवस्थळी आत आले ते फोन कानाला लावूनच. मागोमाग हिंदुराव.

"बाणेरहून पाटसकर आहेत," देवस्थळी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दुसऱ्या दोन प्लांटमध्ये लाइन पडली. पडदे काळे झालेत. ते म्हणतात, सगळीकडे लगेच सगळं बंद करा. आपलंही." त्यांनी फोन छातीशी धरला. काचेपलीकडे लाइन पळत होती. भट्टी नगांनी भरलेली होती. "बंद करू?"

एका वर्षापूर्वी हीच लाइन तिच्या हातून बंद पडली होती. आता तिने हो म्हटलं असतं तर कुणीही तिला दोष दिला नसता. वरूनच तसा हुकूम होता. आणि नाही म्हणून जर ती चुकली असती, तर तळवड्याच्या कंपनीनेही तिला दारात उभं केलं नसतं.

तिने पुन्हा एकदा नोंदी बघितल्या. अगदी पहिल्या ठोठावण्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. एकाही दाराने हो म्हटलं नव्हतं.

"नाही सर. चालू ठेवा."

"किती खात्री?"

"त्याला एकच वाट होती. तीही आता नाही. चार हजार वेळा त्याने प्रयत्न केला, एकदाही कुणी दार उघडलेलं नाही. बघा." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

देवस्थळींनी चष्मा कपाळावर सारला आणि खाली वाकले. त्यांना त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. त्यांनी हिंदुरावांकडे बघितलं.

"माज्याकडं काय बघता साहेब," हिंदुराव म्हणाले. "एकूण एक वाट आमी चालून आलोय."

देवस्थळींनी फोन पुन्हा कानाला लावला. "पाटसकर, चाकणची लाइन चालू राहील." पलीकडून जोरजोरात बोलणं ऐकू आलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. "हो. लेखी देतो. सही माझी असेल."

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत विजयश्री जागेवरून हलली नाही. देवस्थळीही त्यांच्या केबिनमध्ये गेले नाहीत. काचेपाशी पाठमोरे उभे होते. तीनला भोंगा वाजला. फलकावर पहिल्या शिफ्टचा आकडा लागला: ठरलेले अठराशे साठ, झालेले अठराशे चौऱ्याहत्तर. माणसं डबे घेऊन हसत-बोलत बसकडे निघाली. कुसुमताई जाता जाता काचेवर टकटक करून हात हलवून गेल्या. त्यांना काही झाल्याचा पत्ताही नव्हता. विजयश्रीने हात हलवला. मग वॉशबेसिनपाशी जाऊन तिने नळ पूर्ण सोडला आणि तोंडावर पाण्याचे हबके मारले, पाच, सहा, सात. आरशात बघितलं तेव्हा ती हसत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाणेरहून कॉल होता. देवस्थळींच्या केबिनमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर अजिंक्य पाटसकर दिसत होते, दाढी वाढलेली. त्यांच्याबरोबर आणखी तिघं. देवस्थळी टेबलामागे, समोरच्या दोन खुर्च्यांवर विजयश्री आणि उत्पादन विभागाच्या मंजुषा.

"दोन्ही प्लांट अजून बंद आहेत," पाटसकर म्हणाले. "शुक्रवारच्या आत सुरू होतील असं वाटत नाही. आणि तुमच्याकडे एक मिनिटही नाही गेलं. काल मी तुमच्यावर ओरडलो, त्याबद्दल सॉरी." त्यांनी घसा साफ केला. "विजयश्री, तुमची नियमांची फाइल रात्रभर वाचली. हीच सगळीकडे लावायची म्हणतोय."

"तशीच लावू नका," विजयश्री म्हणाली. "तिथे ती दोन मिनिटांत लाइन बंद पाडेल. मी पाडलेली आहे."

पडद्यावरचे तिघं हसले. पाटसकर हसले नाहीत. ते काहीतरी शोधत होते.

"हां. त्याबद्दलच विचारायचं होतं. प्रत्येक नियमाच्या वर तुम्ही नाव लिहिलंय. कुणी सांगितलं, कशासाठी. आमच्यापैकी कुणीच असं करत नाही." ते वाचायला लागले. "बबन ढोरे. गणराज शेळके. एकशे एकोणिसावा, कुसुम माळवदे. आणि हे हिंदुराव येळवंडे. मी मोजलं, एक्केचाळीस नियमांवर यांचं नाव आहे. बाकी कुणाहीपेक्षा जास्त. मला यांच्याशी बोलायचंय. तुमच्या टीममध्ये हे नक्की कोण आहेत? सीनिअर आहेत का?"

मंजुषाने चमकून विजयश्रीकडे बघितलं. विजयश्रीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण देवस्थळींनी हात वर केला. ती फाइल त्यांनी कधी उघडली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सीनिअर आहेत," ते म्हणाले. "एक मिनिट."

ते उठले. टेबलाला वळसा घालून त्यांनी केबिनचं दार उघडलं, तसा लाइनचा आवाज एकदम आत आला, प्रेसचे ठोके, भट्टीची घरघर. देवस्थळी पिवळ्या रेघेपर्यंत चालत गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी हाक मारली.

हिंदुराव आले ते चिंध्यांच्या बोळ्याला हात पुसत. दारातच थांबले. आधी पडद्याकडे, मग विजयश्रीकडे आणि मग साहेबांकडे त्यांची नजर गेली.

"काय झालं? बंद पडली का काय?"

"नाही, चालू आहे," देवस्थळी म्हणाले. "तुमच्याशी बोलायचंय त्यांना. बसा."

हिंदुरावांनी खोलीत बघितलं. रिकामी खुर्ची एकच होती, टेबलामागची. देवस्थळी ती स्वतः मागे ओढून, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.